को.म्ह.? परदेशी हस्तक्षेपावर लिहिताना या चुका टाळा

शनिवारी दुपारी मी दादरच्या एका अभ्यासिकेत निबंध तपासायला बसतो. पैसे घेत नाही, चहा घेतो. तीस वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर परदेशच्या बातम्या मराठीत आणण्यात गेली, म्हणून आंतरराष्ट्रीय विषयांचा गठ्ठा माझ्या वाट्याला येतो. त्यातला एक विषय दर महिन्याला फिरून येतो: बलाढ्य राष्ट्रं नीतीची भाषा बोलत दुसऱ्यांच्या देशात कशी शिरतात. विषय चांगला आहे. चुका मात्र त्याच त्या, इतक्या की समासात पूर्ण शेरा लिहिणं मी सोडलंय. 'को.म्ह.?' एवढंच खरडतो. कोण म्हणतं? पोरं पाठीमागे मला 'कोम्ह सर' म्हणतात, हे मला माहीत आहे.

ज्या चुकांचा मला जास्त राग येतो त्या खाली लांबल्या आहेत. बाकीच्या ओळीदोन ओळींत उरकतो.

त्यांचा शब्द, तुमची सही

'अमेरिकेने इराकला मुक्त करण्यासाठी कारवाई केली.' असं वाक्य मला दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या वहीत सापडतं. लिहिणारा अमेरिकेचा भक्त असतो असंही नाही. पुढच्याच परिच्छेदात तो साम्राज्यवादाच्या नावाने शंख करतो. पण 'करण्यासाठी' लिहिताना त्याने एका सरकारने सांगितलेला हेतू स्वतःच्या सहीने खरा करून टाकलेला असतो. 'साठी' फार स्वस्त आहे मराठीत. चिकटवला की हेतू सिद्ध.

मी हे चिडून सांगतो, कारण ही चूक मी स्वतः केली आहे आणि ती छापून आली आहे.

५ फेब्रुवारी २००३. मी रात्रपाळीला होतो. न्यूयॉर्कला सकाळचे साडेदहा म्हणजे आपल्याकडे रात्रीचे नऊ, आणि त्या वेळी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल सुरक्षा परिषदेत बोलायला उभे राहिले. कोकणात जाणाऱ्या डाक आवृत्तीचं पान सव्वादहाला सोडायचं होतं. भाषण सव्वा तास चाललं. हातात पांढऱ्या पुडीची कुपी धरून त्यांनी अँथ्रॅक्स किती घातक असतो ते सांगितलं. इराककडे ट्रकवर आणि रेल्वेच्या डब्यांत बसवलेल्या जैविक शस्त्रांच्या फिरत्या प्रयोगशाळा आहेत, असंही सांगितलं, आणि त्यांची चित्रं पडद्यावर दाखवली. चित्रं हं, फोटो नव्हेत. चित्रकाराने काढलेली चित्रं. हा फरक मला तेव्हा दिसला नाही. मला घड्याळ दिसत होतं.

मी मथळा दिला: 'इराकच्या फिरत्या विषप्रयोगशाळा उघड!' उद्गारचिन्हासकट. पान सुटलं, गाडी गेली.

अकराच्या सुमारास आमचे मुख्य उपसंपादक शहर आवृत्तीची पानं बघायला आले. तंबाखू मळता मळता त्यांनी प्रूफ वाचलं आणि विचारलं, "उघड? तू पाहिल्यास?"

"पॉवेलने दाखवल्या की."

"मग पॉवेलने दाखवल्या असं म्हण ना. तू कशाला अंगावर घेतोस?"

शहर आवृत्तीत 'इराककडे फिरत्या प्रयोगशाळा: पॉवेल यांचा दावा' असं गेलं. मला तेव्हा ते अगदी मिळमिळीत वाटलं होतं.

२० मार्चला युद्ध सुरू झालं. शस्त्रसाठा सापडला नाही. फिरत्या प्रयोगशाळांची माहिती जर्मनीत आश्रयाला आलेल्या एका इराकी माणसाची होती. त्याचं सांकेतिक नाव 'कर्व्हबॉल'. आपण खोटं बोललो, असं त्याने पुढे २०११ मध्ये स्वतःच कबूल केलं. पॉवेल यांनीही २००५ मध्ये ते भाषण म्हणजे आपल्या कारकिर्दीवरचा डाग असल्याचं मान्य केलं. तेवढा मोठेपणा माझ्या मथळ्याने कुठे दाखवला?

२००५ च्या मे महिन्यात मी मामाकडे गेलो होतो, संगमेश्वर तालुक्यात. मागल्या पडवीत काजूच्या बिया वाळत घातल्या होत्या, खाली माळ्यावरची जुनी रद्दी पसरलेली. बिया चाळता चाळता हाताखाली माझंच पान आलं. 'विषप्रयोग' एवढं दिसत होतं, बाकीवर बिया. मी पान मुकाट्याने उलटं करायला गेलो तर मामा म्हणाला, "काय रे, ती तुमची गाडी गावली काय मग?"

दोन गाड्या सापडल्या होत्या खऱ्या. आधी त्याच प्रयोगशाळा म्हणून गाजवल्या गेल्या, आणि शेवटी अमेरिकेच्याच शोधपथकाने निष्कर्ष काढला की त्यातली यंत्रं बहुधा हायड्रोजन तयार करण्यासाठी होती, हवामानाचे फुगे भरायला. मामाला हे सांगितलं. तो इतका हसला की आतून मामी बाहेर आली.

तेव्हापासूनची माझी सवय: दुसऱ्याचा गोड शब्द कागदावर आला की पेन्सिलने त्याच्याभोवती गोल करायचा आणि त्याचा धनी शोधायचा. 'मुक्तता', 'शांतता प्रस्थापित', 'लोकशाही बहाल', 'दहशतवादाचा बीमोड', 'नागरिकांचे संरक्षण'. धनी सापडला तर 'असे अमुक यांचे म्हणणे' जोडायचं. सापडला नाही तर शब्द काढून घडलेली गोष्ट लिहायची: सैन्य घुसलं, बॉम्ब टाकले, बंदर रोखलं. घाईच्या माणसाला हे कंटाळवाणं वाटतं. मलाही सव्वादहाला वाटलं होतं.

क्रियापदाचा निवाडा

वरच्याच चुकीचं हे धाकटं भावंड, पण खास आपलं, मराठीचं. इंग्रजीत दोन्ही नेत्यांना एकच सर्वनाम पुरतं. आपल्याकडे क्रियापदच खटला चालवून शिक्षा देऊन मोकळं होतं. 'बुश यांनी इशारा दिला', 'सद्दामने धमकी दिली'. इशारा आणि धमकी यांतला फरक सोडा, 'यांनी' आणि 'ने' बघा.

१९९० च्या ऑगस्टपर्यंत आमच्याच पानावर सद्दाम हुसेन 'म्हणाले' असत. २ ऑगस्टला त्यांचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं आणि काही दिवसांत ते 'म्हणाला' झाले. कुणी बैठक घेतली नव्हती, परिपत्रक काढलं नव्हतं. त्याआधीच्या दहा वर्षांत ते काही संत नव्हते. १९८८ मध्ये हलब्जावर विषारी वायू सोडला तेव्हाही आमच्या पानावर ते 'म्हणाले'च होते. म्हणजे आमच्या क्रियापदाला त्यांच्या पापांशी काही घेणंदेणं नव्हतं. वॉशिंग्टनचा वारा फिरला आणि आमचं व्याकरण फिरलं, बस.

'सरकार' आणि 'राजवट' ही जोडीही तशीच. मित्राचं सरकार असतं, शत्रूची राजवट असते. तुमच्या निबंधात किती देशांना 'राजवट' आहे ते एकदा मोजा आणि यादी बघा.

माझ्या वहीत सगळे 'म्हणाले'. पोरं विचारतात, हिटलरसुद्धा? हिटलर इतिहासात जमा झाला, त्याला हवं ते म्हणा. ज्याच्या शहरावर येत्या महिन्यात बॉम्ब पडायची शक्यता आहे त्याचं क्रियापद तपासा.

मोहिमेचं नाव म्हणजे मोहिमेचं वर्णन नव्हे

अमेरिकेने आपल्या मोहिमांना दिलेली नावं बघा. पनामा १९८९: 'न्याय्य कारण'. सोमालिया १९९२: 'आशेची पुनःस्थापना'. हैती १९९४: 'लोकशाहीची पाठराखण'. तुर्कस्तानने उत्तर सीरियात रणगाडे घातले ते २०१८ मध्ये 'ऑलिव्हची फांदी' आणि २०१९ मध्ये 'शांततेचा झरा' या नावांनी. रशियाने २४ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनवर केलेल्या आक्रमणाला 'विशेष लष्करी मोहीम' म्हटलं, आणि कारण सांगितलं नाझीमुक्तीचं. अफगाणिस्तानच्या मोहिमेला २००१ मध्ये आधी 'अनंत न्याय' म्हणायचं ठरलं होतं; अनंत न्याय फक्त ईश्वराचा असतो अशी मुस्लिमांकडून हरकत आली तेव्हा 'चिरस्थायी स्वातंत्र्य' केलं. बारशाला एवढी काळजी घेतात, यावरूनच नावाचं काम काय ते कळतं. नाव अवतरणात टाका आणि पुढे चला.

'सर, सगळं तेलासाठीच असतं'

ही चूक पहिलीच्या बरोबर उलटी, आणि हुशार मुलांची लाडकी. पहिल्या चुकीतला भोळा असतो, यातला बेरकी. मला भोळा परवडतो.

माटुंग्याच्या एका महाविद्यालयात वादविवाद स्पर्धेला मी परीक्षक होतो. एक मुलगा, आवाज असा की माईकची गरज नाही. त्याने शेवट केला: "मानवता हा मुखवटा आहे मित्रहो, आत आहे ते तेल, तेल आणि फक्त तेल!" सभागृह टाळ्यांनी दणाणलं. प्रश्न विचारायची पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "१९८३ मध्ये अमेरिका ग्रेनाडात उतरली. तिथे जायफळ पिकतं. १९९९ मध्ये नाटोने कोसोवोसाठी सर्बियावर ७८ दिवस बॉम्ब टाकले. तिथे किती तेल होतं?" त्याने माझ्याकडे बघितलं, परीक्षकांच्या टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडे बघितलं आणि म्हणाला, "सर, भू-राजकीय तेल." हसू आवरून मी त्याला हजरजबाबीपणाचे गुण दिले. मुद्द्याचे दिले नाहीत.

इराकमध्ये तेलाचा विचार नव्हता असं कुणी शहाणा म्हणणार नाही. पण एकाच चावीने सगळी कुलपं उघडायला निघालात की खरी गंमत हातची जाते. ती अशी. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात तीन स्वाऱ्यांमुळे मोठे नरसंहार खरोखर थांबले. १९७१ मध्ये भारत पूर्व पाकिस्तानात गेला. तोवर सुमारे एक कोटी निर्वासित इकडे आले होते. २५ डिसेंबर १९७८ ला व्हिएतनामी फौजा कंबोडियात घुसल्या आणि दोन आठवड्यांत ख्मेर रूज या तिथल्या कम्युनिस्ट गटाची सत्ता कोसळली. १९७९ मध्ये टांझानियाने युगांडातून इदी अमीनला हाकललं. या तिघांनीही आपल्या बचावाचा मुख्य भार टाकला तो स्वसंरक्षणावर: आमच्या विमानतळांवर हल्ला झाला, आमच्या सीमेवर घुसखोरी झाली, आमचा मुलूख बळकावला. मानवतेचा झेंडा सर्वांत पुढे धरला नाही. आणि जगाने त्यांना शाबासकीही दिली नाही. कंबोडियाची संयुक्त राष्ट्रांतली खुर्ची पुढे दहा वर्षांहून जास्त काळ हरलेल्या ख्मेर रूजच्या बाजूकडेच राहिली, आणि तिला पाठिंबा देणाऱ्यांत मानवाधिकारांवर रोज प्रवचन देणारे देश होते.

आता याच्या पुढचं. १९९४ मध्ये रवांडात शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं मारली गेली. त्या काळात वॉशिंग्टनमधले अधिकारी 'वंशसंहार' हा शब्द तोंडातून निघू नये म्हणून धडपडत होते. 'वंशसंहाराची कृत्यं' म्हणत, 'वंशसंहार' म्हणत नसत. पत्रकारांनी विचारलं, अशी किती कृत्यं झाली की वंशसंहार होतो? उत्तर नव्हतं. शब्द उच्चारला तर वंशसंहाराविरुद्धच्या १९४८ च्या करारामुळे काहीतरी करणं भाग पडेल, ही धास्ती होती.

नीतीचे शब्द म्हणजे नुसता मुखवटा असेल तर त्यांना एवढं घाबरायचं काय कारण? मुखवट्याला कुणी घाबरत नाही. शब्द एकदा दिला की तो देणाऱ्यालाही बांधतो, उद्या कुणीतरी तोच शब्द त्याच्यापुढे धरतं. नाटोने सुरक्षा परिषदेच्या परवानगीशिवाय कोसोवोत हस्तक्षेप केला. रशियाने २०१४ मध्ये क्रिमिया घेताना तेच उदाहरण नाटोच्या तोंडावर फेकलं. त्या माईक नको असलेल्या मुलाला हे कळलं असतं तर त्याचं भाषण खरंच धारदार झालं असतं. पण तयारी म्हणून त्याने दहा मिनिटांचा व्हिडिओ पाहिला होता, तोही दुप्पट वेगाने. हे त्यानेच मला नंतर कँटीनमध्ये सांगितलं, अभिमानाने.

तारखा न मांडणं

कारण आधी आणि निर्णय नंतर, असं आपण गृहीत धरतो. मी समासात दोन तारखा लिहितो: ठरलं कधी, आणि नीतीचं कारण पहिल्यांदा ऐकू आलं कधी. दोन रकाने, बाकी काही नाही.

सुएझ घ्या. २९ ऑक्टोबर १९५६ ला इस्रायलने इजिप्तवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी ब्रिटन आणि फ्रान्सने दोघांनाही दम भरला: कालव्यापासून दहा-दहा मैल मागे व्हा, नाहीतर तुम्हाला वेगळं करायला आम्हाला यावं लागेल. दोन भांडखोर पोरं आणि मधे पडणारा पोलीस, असा थाट. पण २४ ऑक्टोबरला पॅरिसजवळच्या सेव्हर इथे या तिन्ही देशांनी गुपचूप बसून हे सगळं ठरवलं होतं. हल्ला कुणी करायचा, दम कुणी भरायचा, सगळं. ब्रिटिश पंतप्रधान ईडन यांनी आपल्याकडच्या प्रती नष्ट करवल्या. इस्रायलकडची प्रत उरली. पहिल्या रकान्यात २४, दुसऱ्यात ३०. एवढं लिहिलं की निबंधातली अर्धी विशेषणं आपोआप गळतात.

इराकचंही तेच. २३ जुलै २००२ ला लंडनला पंतप्रधानांच्या निवासस्थानी झालेल्या बैठकीचं टिपण २००५ मध्ये बाहेर आलं. वॉशिंग्टनमध्ये गुप्त माहिती आणि तथ्यं धोरणाच्या मापाने बसवली जात आहेत, अशा अर्थाची नोंद त्यात आहे. पॉवेल यांचं भाषण त्यानंतर सहा महिन्यांहून जास्त काळाने झालं. दोन रकाने काढा.

शस्त्रं सापडेनात तेव्हा कारण हळूच सरकलं, लोकशाहीकडे. हे सरकणंही तारखांशिवाय दिसत नाही. सगळी कारणं एका परिच्छेदात एकत्र शिजवली की खिचडी होते आणि लिहिणाऱ्याला ती 'बहुआयामी' वाटते.

डोळ्यांत पाणी आलं की पेन खाली ठेवा

१० ऑक्टोबर १९९० ला एका पंधरा वर्षांच्या कुवेती मुलीने अमेरिकन खासदारांपुढे रडत सांगितलं की इराकी सैनिकांनी इस्पितळात अर्भकांना इन्क्युबेटरमधून काढून जमिनीवर मरायला टाकलं. अध्यक्षांनी ती गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली, आम्हीही छापली. १९९२ च्या जानेवारीत कळलं की ती कुवेतच्या वॉशिंग्टनमधल्या राजदूतांची मुलगी होती आणि साक्षीच्या तयारीत एका जनसंपर्क कंपनीचा हात होता. मानवाधिकारवाल्यांना शोध घेऊनही त्या गोष्टीला आधार मिळाला नाही. पण म्हणून कुवेतमध्ये इराकी सैन्याने लूट आणि हत्या केल्याच नाहीत असं लिहू नका, त्या केल्या. एक साक्ष खोटी निघाली, एवढाच त्याचा अर्थ. इतकी साधी गोष्ट लिहायला मुलांना जीवावर का येतं, कळत नाही.

'आंतरराष्ट्रीय समुदाय'

माणसं मोजा. २०११ मध्ये सुरक्षा परिषदेत लिबियावरचा ठराव (क्रमांक १९७३) मंजूर झाला तेव्हा दहा देश बाजूने होते, पाच तटस्थ: भारत, चीन, रशिया, ब्राझील, जर्मनी. ढोबळ हिशेबाने जगातली चाळीस टक्के माणसं त्या पाच देशांत राहतात.

'त्यांनीच बोलावलं होतं'

चिठ्ठी कुणाची, ते बघा. १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये आले ते 'बंधुत्वाच्या मदतीला', काही झेक कम्युनिस्टांच्या पत्राचा हवाला देत; देशाचं सरकार मात्र निषेध करत होतं. १९८८ मध्ये भारताची विमानं मालदीवला उतरली तेव्हा बोलावणारे राष्ट्राध्यक्ष स्वतः लपून बसले होते. दोन्हीकडे शब्द 'आमंत्रण'च.

आपण त्यातले नाहीच

निबंधाच्या सुरुवातीला वसुधैव कुटुंबकम्, आणि मग भारताने कधीच असं केलं नाही, हे छातीठोक विधान. शंभरातल्या नव्वद वह्यांत. त्या सुभाषिताला आता विश्रांती द्या.

गंमत म्हणजे हा विषय आपल्या अंगणात घडलेला आहे. 'तैनाती फौज' शाळेपासून आपण पाठ करतो. तुमच्या रक्षणासाठी आमची फौज, खर्च तुमचा, परराष्ट्र व्यवहार आमच्या संमतीने. ३१ डिसेंबर १८०२ ला वसईत दुसऱ्या बाजीरावाने त्यावर सही केली. विरारची लोकल पकडून तो किल्ला बघून येता येतो. पुढे ११ फेब्रुवारी १८१८ ला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने साताऱ्यात जाहीरनामा काढला: बाजीरावाचे अपराध, छत्रपतींच्या गादीची फेरस्थापना, वतनं-इनामं सुरक्षित, धर्माला धक्का नाही. रयतेच्या भल्याची भाषा अशी की आजच्या प्रवक्त्याने शिकवणी लावावी. तीस वर्षांनी, १८४८ मध्ये, तीच फेरस्थापित गादी डलहौसीने वारस नसल्याचं सांगून खालसा केली. (एल्फिन्स्टन रोड स्टेशन या एल्फिन्स्टनचं नव्हे, नंतरच्या एका गव्हर्नरचं होतं. निबंधात जोडू नका, एकाने जोडलं होतं.)

स्वतंत्र भारताचं काय? १९८७ मध्ये श्रीलंकेला गेलेल्या फौजेचं नाव 'शांतिसेना' होतं. करार २९ जुलैचा, आणि ऑक्टोबरात ती सेना तमिळ वाघांशी, म्हणजे एलटीटीईच्या बंडखोरांशी, लढत होती. १९९० च्या मार्चमध्ये ती परतली तोवर सुमारे १,२०० भारतीय जवान गेले होते. सेना तिथे पोचली तेव्हा तिथले तमिळ तिला हार घालत होते. पुढे त्यांच्याच वस्त्यांत काय झालं ते त्यांना विचारलं तर ते 'शांतिसेना' म्हणत नाहीत. तुम्ही म्हणा, पण अवतरणात.

हैदराबादचं मी एकदा वर्गात काढलं. सप्टेंबर १९४८, सैन्याच्या तुकड्या, रणगाडे, आणि नाव 'पोलीस अ‍ॅक्शन'. मागच्या बाकावरचा नांदेडचा मुलगा उठला. "सर, आमच्याकडे मुक्तीच म्हणतात. माझ्या पणजोबांना रझाकारांनी मारलं."

"मग लिही की मुक्ती. मराठवाड्यातले लोक म्हणतात, असं लिही. पणजोबांचंही लिही."

"आणि पुढे?"

"पुढे सुंदरलाल समितीचं लिही. कारवाईनंतर मुसलमानांवर जो हिंसाचार झाला त्याचा अहवाल तिने दिला, आणि तो कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही."

तो बराच वेळ उभा होता. मग बसला आणि लिहायला लागला. त्या दिवशी त्याच्या वहीत मला एकही 'को.म्ह.?' लिहावं लागलं नाही.

'मग अमुकचं काय?'

हा मुद्दा नाही, कोपरखळी आहे. एका निबंधात एकदाच.

निष्कर्षाची घाई

"सर, शेवटी बाजूने लिहू की विरोधात?" हे मला वही उघडायच्या आधी विचारतात. मी चहा मागवतो.

गेल्या शनिवारी डोंबिवलीची एक मुलगी लिबियावरचा परिच्छेद घेऊन आली. वाक्य होतं: '२०११ मध्ये नाटोने लिबियात मानवतावादी हस्तक्षेप करून नागरिकांचे रक्षण केले.' मी 'मानवतावादी'भोवती गोल केला, 'रक्षण'भोवती केला. तिने ओठ चावत पेन्सिल घेतली. अर्ध्या तासाने वही परत आली:

'नागरिकांच्या रक्षणासाठी "सर्व आवश्यक उपाय" योजायला सुरक्षा परिषदेने परवानगी दिली. भारत तटस्थ राहिला. त्या परवानगीवर नाटोने सात महिने लिबियात हवाई हल्ले केले. ते थांबले तेव्हा गडाफी यांची सत्ता गेली होती आणि गडाफी मारले गेले होते.'

"गडाफी 'मारले गेले'?" मी मुद्दाम विचारलं.

"तुम्हीच म्हणता ना सर, क्रियापद." मग तिने बोटांवर शब्द मोजले. "पण सर, आधी दहा होते, आता पस्तीस झाले. हजार-बाराशे शब्दांत बसणार कसं?"

"प्रस्तावनेतलं वसुधैव कुटुंबकम् काढ," मी म्हटलं. "तिथे अर्धं पान रिकामं होईल."